गायकवाड मास्तरांचा गाल

तापलेली तांब्याची पट्टी एक माणूस गालाजवळ नेतो आणि डोळे मिटतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, याचं काहीतरी बिनसलंय. मरोळच्या एमआयडीसीतला गाळा, सकाळचे साडेनऊ, माझ्या नोकरीचा पहिला दिवस. ओव्हनमधून नुकती काढलेली काळी पट्टी सांडशीत धरून एक काटकुळा गृहस्थ ती हळूहळू स्वतःच्या तोंडाकडे आणत होता. चार बोटांवर थांबला. डोळे मिटले, दोन श्वास घेतले आणि म्हणाला, "गेली." पट्टी पास होऊन उजवीकडच्या मांडणीवर गेली. पुढची आली. पुन्हा डोळे मिटले. "ही परत." ती डावीकडे. पास झालेल्या प्रत्येक पट्टीच्या पाठीवर तो खडूने 'गा' असं एकच अक्षर काढत होता.

आमची कंपनी लहान. गच्चीवरचे सोलर वॉटर हीटर बनवायची. त्या हीटरच्या काचेखाली काळ्या पट्ट्या दिसतात ना, ज्यांना जोडलेल्या नळीतून पाणी फिरतं आणि तापतं, त्या पट्ट्यांवर काळं चढवण्याचं काम या गाळ्यात चाले. मी धातुशास्त्राची पदवी घेऊन कांदिवलीहून इथे 'क्वालिटी' अशा भारदस्त हुद्द्यावर आले होते. काळं नीट चढलंय की नाही हे मोजायचं यंत्र मी कॉलेजात पाहिलं होतं. इथे ते नव्हतं. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जायचे आणि रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागायचे. तोवर कारखाना गायकवाड मास्तरांच्या गालावर चालायचा.

"हे काय करताय तुम्ही?" मी विचारलं. पदवी नवीन होती, आवाजात जरा जास्तच होती.

"या मॅडम," ते म्हणाले. "गाल आहे ना तुम्हाला?"

त्यांनी ओव्हनमधून दोन पट्ट्या काढल्या. एक साध्या काळ्या रंगाने रंगवलेली, दुसरी त्यांच्या हातची. पहिली माझ्या गालाजवळ आणली तशी मी मागे सरकले. तव्यावर वाकल्यासारखी झळ आली. दुसरी आणली. काहीच नाही. मी म्हणाले, ही गार आहे.  मास्तरांनी बोटं पाण्यात बुडवून त्या 'गार' पट्टीवर चार थेंब शिंपडले. थेंब चर्रकन नाचले आणि उडून गेले.

"दोघी सारख्याच तापल्यात," ते म्हणाले. "रंगवलेली आहे ती उधळी. इकडून ऊन घेते, तिकडून वाटत सुटते. आपली घेते आणि गप्प बसते. तिनं घेतलेलं पाण्याला मिळायला पाहिजे, वाऱ्याला नाही."

चार वर्षं मी हेच शिकले होते. ऊन शोषावं पुष्कळ, पण तापल्यावर उष्णता बाहेर फेकावी अगदी थोडी. तांब्यावर चकचकीत निकेल आणि त्यावर काळ्या क्रोमचा अतिशय पातळ थर दिला की हे दोन्ही साधतं. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. पण ते खरं आहे हे मला त्या दिवशी, उजव्या गालाला कळलं.

मास्तरांचं पूर्ण नाव दत्तू गायकवाड. मूळ गाव साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं. वडील मुंबईला आले आणि घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहिले. मास्तर तिथेच वाढले, सोळाव्या वर्षी प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर थर चढवण्याच्या, कामात शिरले आणि मी भेटले तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. 'मास्तर' ही पदवी त्यांना गाळ्यानेच दिलेली. त्यांचा एक शिरस्ता होता. गाळ्याच्या आत मी मॅडम आणि तुम्ही. शटरच्या बाहेर, टपरीवर कटिंग हातात आला की मी पोरी आणि तू. मधली रेघ शटरच्या पट्टीची. एकदा त्या पट्टीवरच उभी राहून मी विचारलं, आता काय म्हणाल? ते म्हणाले, "आता सरक, वाट अडवू नको."

टाकीतल्या क्रोमने त्यांचं नाक खाल्लं होतं. हे शब्दशः. वर्षानुवर्षं ती वाफ ओढून दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडलं होतं आणि वास कधीच गेला होता. घरी बोंबील तळले तरी पानात पडेपर्यंत पत्ता नसायचा. स्वतःच्या तरुणपणी त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून आता ते सगळ्यांच्या मागे लागत. मास्क लाव, नाकाला आतून व्हॅसलीन लाव, टाकीवर प्लास्टिकचे गोळे पसरलेत ते बाजूला सारू नको, वाफ दबलेली राहू दे. कुणी मास्क गळ्यात अडकवून फिरला की म्हणत, "नाक दोनदा मिळत नाही रे. गाल तरी दोन आहेत."

आणि पाणी. काळं चढवण्याआधी पट्टी धुऊन स्वच्छ झाली की नाही, हे बघायची एक साधी रीत असते. पट्टीवर पाणी ओतायचं. ते एकसंध पसरून राहिलं तर पट्टी स्वच्छ. कुठे तेलाचा अंश राहिला असेल, कुणाचं उघडं बोट लागलं असेल, तर तिथे पाणी फाटतं, थेंब थेंब होऊन बाजूला होतं. "पाणी फाटता कामा नये" हा मास्तरांचा मंत्र होता, आणि तो ते कशालाही लावत. नवा माणूस कामावर आला की आठवड्याने सांगत, "पाणी फाटत नाही याच्यावर, ठेवून घ्या." मला बघायला आलेल्या एका मुलाची हकिकत मी चहावर सांगितली, तर शांतपणे म्हणाले, "इथं बसून मला दिसतंय फाटलेलं." तो मुलगा पुढे खरोखरच सुमार निघाला, पण ते श्रेय मी त्यांना कधी दिलं नाही.

माझ्या नोकरीला आठ महिने झाले होते तेव्हा मुलुंडच्या एका वृद्धाश्रमाची ऑर्डर आली. डोंगराच्या पायथ्याशी तीन मजली इमारत, गच्चीवर पॅनेलं. साहेबांनी म्हणजे आमच्या मालकांनी पॅनेलं अगदी मोजूनमापून दिली होती, एकही जास्त नाही. भिस्त सगळी काळ्यावर. माल बघायला आश्रमाचे एक विश्वस्त आले. त्यांनी पट्टी खिडकीशी तिरकी धरली आणि म्हणाले, ही तर जांभळट दिसते. काळी कुठे आहे?

ती तशीच दिसायला हवी असते. थर पातळ असला की तिरकं बघताना त्यात निळसर-जांभळी झाक येते. हे मला ठाऊक होतं. पण विश्वस्त कपाळाला आठ्या घालून उभे होते, साहेब माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, अजून थोडं काळं झालं तर काय बिघडणार आहे? काळं जितकं जास्त तितकं ऊन जास्त. पानभर उत्तराचा अर्धा भाग मी सोयीस्कर विसरले.

साहेब विश्वस्तांना चहाला घेऊन गेले तशी मी टाकीपाशी आले. "मास्तर, क्रोमच्या टाकीतला वेळ दुप्पट करा," मी म्हणाले.

"थर जाड होईल मॅडम. मग ती रंगवलेलीसारखी उधळी होणार."

"दिसायला तरी काळी दिसेल."

"डोळ्याला नका विचारू. गालाला विचारा."

"मी लिहून देते," मी म्हणाले, आणि जॉबकार्डावर लिहिलं: वेळ दुप्पट करावा. खाली सही. मास्तरांनी कार्ड वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि टाकीकडे गेले. संध्याकाळी पट्ट्या काजळासारख्या दिसत होत्या. विश्वस्तांनी माझं कौतुक केलं. टेम्पो भरताना मास्तर एक गरम पट्टी सांडशीत धरून माझ्याकडे आले. "एकदा गाल लावा," म्हणाले. टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी म्हणाले, रिपोर्ट येईलच की. त्या पट्ट्यांच्या पाठीवर खडू नव्हता, हे मला पुष्कळ नंतर आठवलं.

रिपोर्ट आला तेव्हा पॅनेलं गच्चीवर चढली होती. थर जाड झाल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी तो वाचला आणि फाइलमध्ये लावला. आपल्याकडे थंडी ती काय पडते, अशी मनाची समजूत घातली.

जानेवारीत मुलुंडला डोंगराखाली पहाटे पडते ती थंडी बोरिवली-अंधेरीच्या हिशेबातली नसते. पहिल्या दोन-चार जणांना कोमट पाणी मिळायचं, बाकीच्यांना गार. आश्रमात स्वयंपाकघरातल्या गॅसवर पातेली चढू लागली. मग एका आजींनी वाट न बघता गार पाणी अंगावर घेतलं आणि छातीत कफ होऊन दवाखान्यात गेल्या. त्या बऱ्या होऊन परत आल्या, पण हे आम्हाला आठवड्याने कळलं. 

साहेबांनी गाळ्यात सगळ्यांना उभं केलं. हातात तो रिपोर्ट होता.

"टाइम कुणी वाढवला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण शब्द यायच्या आत शेजारून आवाज आला, "मी वाढवला."

साहेबांना तो रागापेक्षा धक्का जास्त होता. "तुम्ही, मास्तर? एवढ्या वर्षांनी?" ते म्हणाले. "त्या गालावर विश्वास ठेवला मी." मास्तर खाली बघत उभे होते. साहेबांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. यापुढे गालाबिलाची परीक्षा बंद, मास्तरांनी पट्ट्या धुण्याच्या टाकीवर काम करायचं. मास्तरांनी खिशातला खडू काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

मी गप्प राहिले. याला दुसरा शब्द नाही. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, कालच सांगायला हवं होतं, आता कसं सांगणार? नोकरी जाईल ही भीती होती, आणि त्याहून मोठी भीती होती ती सगळ्यांसमोर मूर्ख ठरण्याची. अकरा दिवस मास्तर धुण्याच्या टाकीशी उभे होते, जिथून त्यांनी सोळाव्या वर्षी सुरुवात केली होती. पट्टी उचलायची, पाणी ओतायचं, बघायचं. मी जवळून गेले की "नमस्कार मॅडम" म्हणत, नेहमीसारखंच. टपरीवर मात्र त्या अकरा दिवसांत मी गेले नाही.

बाराव्या दिवशी रविवार होता. मेट्रोने असल्फ्याला उतरले आणि विचारत विचारत डोंगर चढले. पायऱ्या इतक्या उभ्या, की वर पोचेस्तोवर मनात जुळवलेली वाक्यं सगळी गळून पडली. दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. सुमनताई. ठेंगण्या, कपाळाला आठी, आवाज खणखणीत. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली एकावर एक रचलेल्या गाद्या, त्यांना टेकून मास्तर बसलेले.

"तुम्हीच का त्या मॅडम?" सुमनताई म्हणाल्या. "बसा. चहा ठेवते. पण आधी बोलते. शर्ट धुवायला घेतला तेव्हा ह्यांच्या खिशात तुमचा कागद सापडला मला. मला वाचता येतं."

त्यांनी फळीवरच्या डब्यातून जॉबकार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. वेळ दुप्पट करावा. माझं सुबक अक्षर, माझी सही.

"सुमन," मास्तर म्हणाले.

"काय सुमन? माणसानं हयात घालवली, आणि आता पट्ट्या धुतोय. नि ह्या कागदाचं काय लोणचं घालायचं?"

मला रडू आलं. मी म्हणाले, "काका, तुम्ही हे साहेबांना दाखवलं का नाही? मला का वाचवलंत?" त्यांना मास्तर न म्हणता काका म्हणाले, हे माझ्याही लक्षात आलं नाही.

"तुला नाही वाचवलं," ते म्हणाले. शटरच्या बाहेरचं 'तू' होतं. "तू शिकत होतीस. तुला वाटलं, काळं म्हणजे चांगलं. मला ठाऊक होतं की नाही ते. ठाऊक असून टाकीत कुणी सोडल्या? मी. माझ्या गालानं सांगितलं, मी ऐकलं नाही. मॅडमनं लिहून दिलंय ना, मग आपल्याला काय, असं म्हणून मोकळा झालो. ती म्हातारी गार पाण्यानं आंघोळ करत होती तेव्हा तो कागद तिला पुरला का?"

 मास्तरांनी कार्ड उचललं, घडी घातली आणि परत डब्यात टाकलं.

"मी उद्या साहेबांना सांगते," मी म्हणाले.

"ते तुझं तू बघ. पाणी तुझ्यावरही पडणार आहे. फाटतंय का ते तुलाच कळेल." मग चहा आला. आलं घातलेला होता. मास्तरांनी घोट घेऊन विचारलं, "आलं घातलंयस का गं?" सुमनताई म्हणाल्या, "घातलंय, तुमच्यासाठी नाही घातलं," आणि पहिल्यांदा हसल्या.

सोमवारी मी सांगितलं. साहेबांच्या केबिनमध्ये नाही. गाळ्यात, सगळ्यांसमोर, कारण मास्तरांना बोलणं बसलं होतं ते तिथे.  साहेब मला जे बोलले ते योग्यच होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही. नोकरी राहिली. मग साहेब धुण्याच्या टाकीपाशी गेले आणि खडू पुढे केला. मास्तरांनी तो घेतला नाही.

"आधी मुलुंडची पॅनेलं खाली आणा," ते म्हणाले. "मग बघू."

पॅनेलं खाली आली, काचा निघाल्या, काळं ॲसिडात उतरलं आणि पट्ट्या पहिल्यापासून धुतल्या गेल्या. मास्तर आणि मी दोघांनी प्रत्येक पट्टी गालाजवळ नेली. माझा गाल कच्चा. काही वेळा मी "गेली" म्हणायची आणि ते नकारार्थी मान हलवायचे. शेवटची पट्टी झाल्यावर त्यांनी साहेबांकडून खडू मागून घेतला, मधोमध मोडला आणि अर्धा माझ्या हातात ठेवला. "दोन अक्षरं पडल्याशिवाय माल बाहेर नाही," एवढंच म्हणाले. मुलुंडला पॅनेलं परत चढवली तेव्हा त्या कफवाल्या आजींनी सकाळी नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला. "भाजलं की गं बाई," म्हणाल्या. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी आजींची माफी मागितली ती आजींना कळलीच नाही.

पुढची काही वर्षं मालाच्या पाठीवर दोन अक्षरं जात राहिली. मग बाजार बदलला. आता परदेशातून निळ्या पत्र्यांची भेंडोळी येतात. निर्वात यंत्रात थर चढवलेला असतो. टाकी नाही, क्रोम नाही, वाफ नाही. आमच्या गाळ्यातली टाकी बंद करायची ठरलं तेव्हा मास्तरांना कुणी सांगायचं यावर सगळे एकमेकांकडे बघत होते. ते काम माझ्याकडे आलं. मी नव्या पत्र्याचा तुकडा ओव्हनमध्ये तापवला आणि काही न बोलता सांडशी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी तो गालाजवळ नेला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ लावला. मला वाटलं, आता म्हणतील, यंत्राचं काम ते यंत्राचं काम.

"चांगलंय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलंय." डोळे उघडले आणि टाकीकडे बघितलं. "आता पोरांची नाकं राहतील." त्यांनी त्या तुकड्याच्या पाठीवर 'गा' काढलं आणि खडू माझ्याकडे दिला. महिनाभरात ते निवृत्त झाले.

त्यांना सोशिक, सगळं पोटात घेणारा, स्वतः तापून दुसऱ्याला झळ न लागू देणारा वगैरे म्हणायचा मोह मला होतो. उपमा आयती समोर आहे. पण सुमनताईंनी ऐकलं तर त्या हसतील. घरी ते रिमोट सापडला नाही तरी तापायचे आणि झळ शेजारपर्यंत जायची.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. फुप्फुसं थकली होती. मी शेवटचं भेटले तेव्हा ऑक्सिजनची नळी नाकात होती आणि त्यांनी खुणेने नाकाकडे बोट दाखवून म्हटलं, "शेवटी कामाला आलं." पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सुमनताईंनी मला थांबवून घेतलं, फळीवरचा तोच डबा काढला आणि कार्ड माझ्या हातात दिलं. "हे तुमचं. मी किती दिवस सांभाळू?"

घडी इतकी जुनी झाली होती की उलगडताना कागद फाटेल असं वाटलं. वेळ दुप्पट करावा. माझी सही. इतक्या वर्षांत मी त्याची मागची बाजू पाहिली नव्हती. तिथे पेन्सिलीने, शाळेत कमी गेलेल्या माणसाच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "मला ठाऊक होतं. दत्तू गायकवाड." खाली तारीख होती. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. तक्रार आली त्या दिवसाची नव्हती, साहेबांनी विचारलं त्या दिवसाचीही नव्हती. पट्ट्या टाकीत सोडल्या त्या संध्याकाळची होती.

मोजायचं यंत्र आता माझ्या टेबलावर असतं. आकडा दोन मिनिटांत येतो. तो आला की मी पत्रा सांडशीत धरते, चार बोटांवर आणते आणि डोळे मिटते. नवीन आलेली मुलं एकमेकांना कोपराने ढोसतात. मी ढोसू देते.